आपल्याच घराविरुद्ध शपथपत्र

'पोरगी अमेरिकन हाय, मंग बापाले कोन अडवते?' आबाजींच्या मुलाला अमेरिकेने परत पाठवलं, तेव्हापासून त्यांच्या गावात जो तो हेच म्हणतो. गावकऱ्यांचं एक वेळ समजू शकतो, पण जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका एजंटाने हेच सांगून त्यांच्याकडून पैसे उकळले, याची मला अजून चीड येते. जन्माने अमेरिकन झालेली मुलगी बापाच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज करू शकते, पण वयाची २१ वर्षं पूर्ण झाल्यावर. आबाजींची नात आठ वर्षांची आहे.

माझी वकिली यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुका कोर्टात चालते: वाटणीचे दावे, मोजणीचे वाद, अपघाताची भरपाई. हे प्रकरण आलं ते मुलाच्या अमेरिकेतल्या वकिलाला इथली कागदपत्रं हवी होती म्हणून. आबाजींचा मुलगा व्हिजिटर व्हिसावर गेला आणि मुदत संपल्यावरही वर्षानुवर्षं तिथेच राहिला. शेवटी तिथल्या इमिग्रेशन न्यायाधीशाच्या हुकुमाने त्याला परत पाठवलं. १९९६ च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे वर्षभर किंवा जास्त बेकायदा राहिलेल्याला देश सोडल्यापासून १० वर्षं बंदी असते, आणि हद्दपारीच्या हुकुमाची १० वर्षांची बंदी वेगळी. म्हणून माफीचे अर्जही दोन, बेकायदा राहण्यासाठी आय-६०१ आणि हद्दपारीसाठी आय-२१२. बायकोकडे ग्रीन कार्ड आहे, तिच्या अर्जावर सगळी भिस्त.

कागद गोळा करणं हे आमचं रोजचं काम. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं स्पेलिंग. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत कधी झालीच नव्हती. उशिराच्या नोंदीचा हुकूम पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते काम महसुलाकडे गेलं आणि फाईल तिथे पडून राहिली. प्रत्येक मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, शिक्क्यावरच्या अक्षरांसकट, आणि खाली भाषांतरकाराचा दाखला. ती भाषांतरं मी स्वतः केली. एकाही कागदावर हरकत निघाली नाही.

खरा पेच आय-६०१ चा. ही माफी मिळायला अतोनात हाल सिद्ध करावे लागतात, तेही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या बायकोचे अथवा आईवडिलांचे. लेकराचे हाल त्यात धरतच नाहीत. नातीच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र आहे, बाप गेल्यापासून ती बोलायचीच कमी झाली. हे सगळं आईला होणारा त्रास म्हणूनच मांडायचं. ज्याची ताटातूट झाली त्या लेकरालाच मोजत नाही, असला कायदा मला अन्यायाचा वाटतो.

तिकडच्या वकिलाला दोन्ही बाजू हव्या होत्या: सून नवऱ्याशिवाय तिथे राहिली तर काय, आणि मुलीला घेऊन इथे आली तर काय. दुसऱ्या बाजूचा पुरावा आम्ही द्यायचा, म्हणजे आबाजींनी. सातबारा, कोरडवाहू कपाशी, सोसायटीचं थकीत कर्ज. स्पीच थेरपिस्ट तालुक्यात नाही. इम्प्लांटच्या मॅपिंगसाठी, म्हणजे यंत्र तिच्या कानाप्रमाणे जुळवून घ्यायला, नागपूर, दीडशे किलोमीटरच्या वर.

मसुदा वाचून दाखवला तेव्हा आबाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वकीलसाहेब, माह्या घरी माही नात राहू शकत नाही, असं मी लिहून देऊ? तिच्यासाठी आतली खोली बांधली मी."

मुलगा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "बाबा, माह्यासाठी द्या."

आबाजींनी सही केली, पण आधी एक वाक्य घालायला लावलं: 'नातीच्या उपचाराची सोय गावात नाही, मात्र तिला राहायला माझ्या घरात जागा आहे व राहील.' नोटरीसमोर त्यांनी ते पुन्हा वाचून घेतलं.

तिकडच्या वकिलाचं उत्तर आलं की या वाक्याने अर्ज कमजोर होतो, काढून नवीन शपथपत्र पाठवा. त्याचं म्हणणं कायद्याच्या अंगाने चूक नाही. मी आबाजींना आणि मुलाला दोघांनाही परिणाम समजावून सांगितले. दोघांनीही ठेवा म्हटलं. शपथ आबाजींची आहे, ती छाटायचा अधिकार ना मला ना त्याला, असं मी कळवलं. फाईल त्या वाक्यासकट गेली आहे, निर्णय यायचा आहे.