‘चित्रपटाचे नाव’ या रकान्यात काय लिहायचं?

चार तरुण गायकांचा ऑपेरातल्या पदांचा कार्यक्रम होऊन तीन आठवडे झाले. लोक अजून फोन करून छान झाला म्हणतात, आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र सभागृहाच्या कार्यालयातली ती खिडकीच येते. म्हणून तिथूनच लिहायला घेते. कुणी तरुण गायकांचा असा कार्यक्रम करणार असेल, तर त्याचे निदान काही हेलपाटे वाचतील.

मी पुण्यात पियानो शिकवते आणि पाश्चात्त्य शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या मुलांना साथ करते. २०१६ मध्ये मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस दुरुस्तीनंतर पुन्हा उघडलं, तेव्हा मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो (स्त्रियांमधला सर्वांत उंच आवाज) पॅट्रिशिया रोझारियो तिथे गायल्या. ती बातमी वाचून आठवीतली एक मुलगी आईचा हात धरून माझ्याकडे आली होती, ‘मला असं गायचंय’ म्हणत. या कार्यक्रमातली सोप्रानो तीच. आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून बंद गाडीत बसून रियाज करते. बाकीचे तिघे म्हणजे कॅम्पातल्या चर्चच्या गायकवृंदात गाणारी एक मेझो (सोप्रानोच्या खालचा आवाज), दर शनिवारी पहाटेच्या बसनं नाशिकहून येणारा टेनर (पुरुषांचा उंच आवाज) आणि म्हापशाचा बॅरिटोन (टेनरच्या खालचा आवाज). त्यानं नोटेशन वाचायला लहानपणी गावच्या चर्चमध्येच शिकून घेतलं होतं. चौघांचंही वय पंचविशीच्या आत. आरिया म्हणजे ऑपेरातलं, पाश्चात्त्य संगीत नाटकातलं, एकट्यानं गायचं पद. अशी सहा पदं आणि सहा स्वतंत्र गाणी, साथीला फक्त पियानो, माइक नाही, एवढाच बेत होता.

पैसे, तारीख, तालमी हे सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते एका कागदावर.

सभागृहाचं आरक्षण पक्कं करायला ‘सादर होणाऱ्या गीतांची यादी’ असा एक फॉर्म भरून द्यावा लागतो. रकाने चार: गीताचे नाव, चित्रपटाचे नाव, संगीतकार, गीतकार. शेवटी एक ओळ: ‘वरील गीतांच्या सादरीकरणासाठी आवश्यक परवाना जोडला आहे.’ मी बारा ओळी भरल्या आणि चित्रपटाचा रकाना मोकळा सोडला. चार दिवसांनी फॉर्म परत आला. लाल पेननं त्या मोकळ्या रकान्याभोवती वरपासून खालपर्यंत एकच लांबट गोल काढलेला होता.

“मॅडम, रकाना रिकामा चालत नाही.”

“अहो, पण ही चित्रपटगीतं नाहीत. ऑपेरातली पदं आहेत.”

“ऑपेरा म्हणजे नाटकच ना? मग नाटकाचा फॉर्म घ्या.”

मी तोही घेतला. घ्यायला नको होता. नाटकाच्या फॉर्मला लेखकाचं संमतिपत्र लागतं, वर नाटकाची संहिता आधी तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. आमच्याकडे ना संहिता, ना नेपथ्य, ना वेशभूषा. चार मुलं पियानोशेजारी उभी राहून गाणार. आणि मोझार्टच्या ‘फिगारो’ या ऑपेराचे शब्द लिहिणारा दा पोन्ते १८३८ मध्ये न्यूयॉर्कला वारला, त्याचं संमतिपत्र मी कुठून आणू? हे खिडकीत सांगितलं तेव्हा पलीकडून उत्तर आलं, “तसं लेखी द्या. वारले आहेत असं.” मी दिलं. पुढच्या खेपेला म्हणाले, याला पुरावा जोडा. त्याच्या पुढच्या खेपेला ज्यांनी पुरावा मागितला ते रजेवर होते, आणि त्यांच्या जागी बसलेल्यांनी ध्वनिमुद्रणाचा परवाना मागितला. आम्ही एकही ध्वनिमुद्रण वाजवणार नव्हतो! दोन वेगळे परवाने असतात, हे नीट लक्षात ठेवा. शब्द आणि चाल यांच्या हक्कांसाठी आयपीआरएस या संस्थेचा, आणि कॅसेट-सीडी-मोबाइलवरून वाजवायच्या ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल या संस्थेचा. मंचावर माणूस गातोय आणि माणूसच वाजवतोय, तर पीपीएलच्या परवान्याचा प्रश्नच येत नाही. हे मी तिथे उभ्या उभ्या तीन वेळा समजावलं. पाऊण तास. मागे लग्नाच्या हॉलची चौकशी करणाऱ्यांची रांग लागली होती आणि मला रडू येईल की काय असं वाटत होतं. इकडे मुलं रोज विचारायची, “टीचर, हॉल मिळाला ना?” टेनर तर पुढच्या आठवड्याच्या बसचं तिकीट काढू का म्हणून विचारत होता. त्यांनी महिनोन्‌महिने एकेक स्वर घासायचा, आणि गाडं अडायचं कुठे, तर एका रकान्यात. याचा राग मला अजून आहे.

एकूण नऊ खेपा झाल्या. पहिल्या पाच खेपांत मी कागद दिले आणि रिकाम्या हातानं परत आले. पोच घेतलीच नाही. दिलेल्या प्रत्येक कागदाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्याच. तो नसला की तुम्ही काही दिलं होतं हेच कुणाला आठवत नाही.

सहाव्या खेपेच्या आधी एका वकील मैत्रिणीकडे गेले. तिनं १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम २२ समोर ठेवलं. लेखक किंवा संगीतकार ज्या वर्षी वारतो, त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो, मग संपतो. आणि तिनं एक गोष्ट सांगितली जी इतकी वर्षं वाजवूनही मी कधी लक्षात घेतली नव्हती: आपल्या कायद्यात चाल ही एक कृती आणि शब्द ही दुसरी. दोघांची वर्षं वेगवेगळी मोजायची.

रात्री बसून कोण कधी वारलं याचा तक्ता केला. मोझार्ट १७९१, दा पोन्ते १८३८. दोनिझेत्ती १८४८, त्याचा शब्दकार रोमानी १८६५. शूबर्ट १८२८, त्याच्या गाण्याचा कवी शोबर १८८२. फोरे आणि पुच्चिनी दोघेही १९२४ च्या नोव्हेंबरातच गेले. बॅरिटोनला एक इंग्रजी गाणं हवंच होतं. त्याच्या मनात बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराचं होतं, पण तो १९७६ मध्ये गेला, म्हणजे २०३६ संपेपर्यंत हक्क जिवंत. त्याऐवजी टेनिसनच्या कवितेला रॉजर क्विल्टरनं लावलेली चाल घेतली. क्विल्टर १९५३ मध्ये गेला, म्हणजे २०१४ पासून मोकळा. हे सगळं भराभर होत गेलं आणि मला वाटलं, आता उद्या जाऊन तक्ता त्यांच्या टेबलावर ठेवते.

शेवटची ओळ राहिली होती. सोप्रानोचं पद, पुच्चिनीच्या ‘जान्नी स्किक्की’मधलं ‘ओ मियो बाब्बिनो कारो’. १९१८ चा ऑपेरा, शंभर वर्षं उलटून गेलेली. पुच्चिनीच्या पुढे वर्ष लिहिलं आणि शब्दकाराचं शोधायला गेले. जोवाक्किनो फोर्झानो. मृत्यू १९७०. मी बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं. २०३० संपेपर्यंत या पदाच्या शब्दांवर हक्क आहे. चाल मोकळी, शब्द नाहीत.

खिडकीतल्या कुणाला हे कळलं नसतं याची मला खात्री आहे. पण ज्या कागदावर ‘यातील कोणतीही कृती हक्काधीन नाही’ असं लिहून मी सही करणार होते, तो आता खोटा झाला असता. सोप्रानोला फोन केला. तिनं पाच महिने त्या पदावर मेहनत घेतली होती, शेवटचा हळू होत जाणारा स्वर तर आम्ही दोघींनी मिळून कितीदा घासला असेल! ती काही क्षण गप्प झाली आणि म्हणाली, “मग म्युझेटाचं गाते.” ‘ला बोहेम’मधलं. संगीत पुच्चिनीचंच, पण शब्दकार इल्लिका आणि जाकोझा अनुक्रमे १९१९ आणि १९०६ मध्ये गेलेले. हे पद तिनं आदल्या वर्षी बसवलेलं होतं म्हणून निभावलं. परवाना काढून पहिलंच ठेवता आलं असतं, पण दिवस उरले होते नऊ आणि मला आणखी एका अर्जामागे धावायचं त्राण नव्हतं.

इथे आणखी एक सांगते. हौशी मंडळानं पैसे न घेता श्रोत्यांपुढे केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे. तुमचा कार्यक्रम तसा असेल तर ती वाट आधी वकिलाला विचारा. आमच्या प्रवेशिका दोनशे रुपयांच्या होत्या आणि त्या मी मुद्दाम ठेवल्या होत्या. ‘संधी मिळतेय ना’ म्हणून तरुण मुलांना फुकट गायला लावायचं, हे मला पटत नाही. चौघांनाही पाकिटात मानधन दिलं, रक्कम लहान का असेना.

सातव्या खेपेला तक्ता, कलम २२ ची प्रत आणि माझं सहीचं निवेदन असे तीन कागद एकत्र टाचून दिले. चित्रपटाच्या रकान्यात प्रत्येक ओळीत लिहिलं: ‘लागू नाही’. दोन शब्द. आठव्या खेपेला साहेब बैठकीत होते. नवव्या खेपेला मी थेट त्यांच्या केबिनबाहेर बसले. त्यांनी तक्ता वरून खाली एकदा वाचला, दोन वर्षांपाशी पेनचं टोक थांबवलं, सही केली. चार मिनिटं लागली असतील. “हे असं आधीच द्यायचं ना, मॅडम,” म्हणाले. मी काही बोलले नाही. जिना उतरताना मात्र पाय हलके झाले होते, आणि खाली अमृततुल्यात एकटीनं दोन चहा घेतले.

तेव्हा तारखेच्याही आधी तक्ता करा. पद, संगीतकार, शब्दकार, दोघांची मृत्यूची वर्षं. मुलांना गाणी वाटून देण्याआधी करा, म्हणजे कुणाची पाच महिन्यांची मेहनत बाजूला ठेवावी लागणार नाही. हे माझंच चुकलं आणि त्याचं वाईट वाटतं.

पियानोचं राहिलंच. भाड्यानं आणलात तर आदल्या दिवशी आणून ठेवा आणि ट्यूनरला कार्यक्रमाच्या दिवशी, एसी दोन तास चालू राहिल्यानंतर बोलवा. गार हवेत तारांचा सूर हलतो. आणि शूबर्टच्या वेळी एसी बंदच करायला सांगा. ती घरघर हळू स्वर खाऊन टाकते. माइकवाल्यांनी सवयीनं चार स्टँड मांडून ठेवले होते, ते उतरवताना त्यांना फार चमत्कारिक वाटलं. त्यांना मी शेवटच्या रांगेत बसवलं आणि बॅरिटोनला एक ओळ गायला सांगितली. या गायकीत तीन हजार हर्ट्झच्या आसपास आवाजाला एक धार आणतात, ती अख्ख्या वाद्यवृंदावरून आरपार जाते. आपल्या संगीत नाटकांचे पहिले गायक तरी कुठे माइकवर गायचे! स्टँड निमूट विंगेत गेले.

श्रोत्यांच्या हातात प्रत्येक पदाचा मराठी सारांश द्या. आम्ही तीन-तीन ओळींचा दिला होता. मेझोनं ‘फिगारो’तल्या केरुबिनोचं पद गायलं. हा केरुबिनो कोवळा मुलगा, पण मोझार्टनं तो बाईच्या आवाजासाठी लिहिलेला. सारांशात मी ‘बालगंधर्वांच्या उलट’ एवढंच लिहिलं आणि सभागृहात ज्येष्ठ मंडळींच्या माना एकदम हलल्या. टेनरच्या दोनिझेत्तीनंतर मागून कुणीतरी मोठ्यानं ‘वन्स मोअर’ म्हणालं. तो माझ्याकडे बघू लागला, कारण हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी मान हलवली आणि पुन्हा सुरुवातीपासून वाजवलं. दुसऱ्यांदा तो जास्त चांगला गायला.

पुढच्या रविवारी चौघांना आणि त्यांच्या घरच्यांना जेवायला बोलावलं. बारा माणसं, खुर्च्या सात. जेवणं झाल्यावर सोप्रानो आपणहून पियानोपाशी येऊन उभी राहिली. ‘बाब्बिनो’ म्हणजे बाबा. मुलगी बापाची विनवणी करते ते पद. तिचे वडील दाराजवळच्या चपलांच्या स्टँडवर बसले होते. ऑपेराच्या क्लासची फी त्यांनी नऊ वर्षं भरली, पण हे वेड कुठवर, असं दर वर्षी विचारतही आले. ती त्यांच्याकडे न बघता गायली. तो शेवटचा स्वर अगदी बारीक होत थांबला आणि मी बोटं उचलली नाहीत.

वडील म्हणाले, “हे त्या दिवशी का नाही गायलीस?”

मी उठून कपाटातून फाइल काढली आणि तक्त्यातलं १९७० त्यांना दाखवलं.