रस्त्यावरच्या कार्यक्रमाला नकार आला? आधी कागद हातात घ्या

'बघतो', 'वरून आलं नाही', 'साहेब नाही म्हणाले'. यातल्या एकावरही अपील करता येत नाही. अपील होतं लेखी आदेशावर. म्हणून नागपुरात मनपाचं झोन ऑफिस असो की पोलीस ठाणं, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्या आणि नकार आला तर कारणांसह लेखी मागा. ती शिक्क्याची प्रत हरवली, तर पुढे बोलायलाच जागा राहत नाही.

मग नकार नेमका कोणाचा, ते पाहा. महापालिका अधिनियमाच्या कलम २३४ प्रमाणे सणासमारंभाच्या तात्पुरत्या मंडपाला आयुक्त परवानगी देतात, पण पोलिसांच्या संमतीने. म्हणजे कागद मनपाचा असला तरी अडवणूक बहुतेकदा वाहतूक शाखेच्या अभिप्रायात असते. तिथे झोनच्या अधिकाऱ्याशी हुज्जत घालून काही होत नाही. पोलीस उपायुक्त, वाहतूक यांच्याकडे पुनर्विचाराचा अर्ज द्या. रस्ता कोणाचा, हेही तपासा. वर्धा रोड राष्ट्रीय महामार्ग आहे, काही रस्ते सार्वजनिक बांधकामचे. चुकीच्या दारी दिलेला अर्ज आठवडा खाऊन परत येतो.

ही परवानगी लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ (सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत देण्याचा कायदा) खाली अधिसूचित असेल, तर नकारानंतर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. अपिलीय अधिकाऱ्याचं पद ऑफिसच्या फलकावर असायला हवं. गोम अशी, की निकालालाही ३० दिवस मिळतात. गणपतीच्या दहा दिवस आधी अर्ज टाकणाऱ्याचं अपील विसर्जनानंतर निकाली निघतं. दोन महिने आधी अर्ज करा, तरच अपिलाला अर्थ.

अपिलात मंडळाची पन्नास वर्षांची परंपरा लिहू नका. नकाराच्या कारणाला उत्तर द्या. 'वाहतुकीस अडथळा' लिहिलं असेल तर टेप घेऊन रस्ता मोजा. समजा रस्ता १२ मीटर, मंडप साडेतीन. कागदावर साडेआठ मीटर उरतात. पण महालात किंवा इतवारीत संध्याकाळी दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की त्यातले तीन-चार सहज जातात. नकाशात तेही दाखवा, पार्किंग कुठे हलवणार ते लिहा, अॅम्बुलन्स आणि अग्निशमनाच्या गाडीची वाट लाल रंगाने काढा, स्वयंसेवक किती आणि कोणत्या चौकात, हे टाका. मंडप दीड मीटर आत घेण्याची तयारी दाखवलीत, तर निम्मं काम तिथेच होतं. रहदारी अडवणाऱ्या मंडपांना परवानगी देऊ नका, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बजावलं आहे, त्यामुळे अधिकारी धोका पत्करत नाहीत. त्यांना फायलीत ठेवायला आधार द्यावा लागतो.

वेळ उरलाच नसेल, तर सिव्हिल लाइन्समधल्या, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्ध थेट दाद. न्यायालय सहसा स्वतः परवानगी देत नाही, अमुक तारखेपर्यंत निर्णय घ्या म्हणतं. नकाराच्या आदेशात नसलेली कारणं सरकारी पक्षाला नंतर शपथपत्रातून जोडता येत नाहीत. लेखी आदेशाचा आग्रह यासाठीही. आदल्या दिवशी धावत जाणाऱ्याला मात्र 'इतके दिवस काय करत होता?' हे ऐकावं लागतं.

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असताना विधानभवन, झिरो माइल, बर्डी या पट्ट्यातली तारीख मागूच नका. बंदोबस्ताचं कारण अपिलात खोडणं जवळपास अशक्य असतं. पर्यायी तारीख मूळ अर्जातच देऊन ठेवा.