कागदी नॅव्हलॉग आणि टॅबलेट, दोन्ही सोबत: या सीझनची प्रगती

विमान उडवताना टॅबलेटवर मूव्हिंग मॅप (आपली जागा दाखवत सरकणारा नकाशा) असताना पेन्सिलने नॅव्हलॉग, म्हणजे प्रवासाच्या टप्प्यांचा आणि वेळांचा तक्ता, कशाला भरतोस, हे मला पार्ल्याला घरी पण विचारतात आणि फ्लाइंगवाले मित्र पण. या सीझनला प्रत्येक क्रॉस-कंट्रीला (एका विमानतळावरून दुसरीकडे जायच्या उड्डाणाला) मी दोन्ही ठेवलं आणि माझं मत आता पक्कं झालंय. आपण आत्ता कुठे आहोत ते जीपीएस सांगतो, पण या मिनिटाला आपण कुठे असायला हवं होतं ते कागदावरच असतं, कारण ते आदल्या रात्री आपणच काढलेलं असतं.

परवाचंच घ्या ना, बारामती ते सोलापूर. (जुहू घरापासून जवळ, पण सांताक्रूझच्या एवढ्या ट्रॅफिकला चिकटून निवांत सराव कुठला होणार, म्हणून वीकेंडला बारामती.) सरळ रेघ साधारण 85 नॉटिकल मैलांची, ट्रॅक (जायची दिशा) 115 डिग्रीच्या आसपास, व्हेरिएशन (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक) आपल्याकडे एक डिग्रीपेक्षा कमी त्यामुळे तिथे फार डोकं लागत नाही. पहिला मोठा चेकपॉइंट नीरा-नरसिंहपूर, नीरा आणि भीमेचा संगम, वरून इतका स्पष्ट दिसतो की चुकूच शकत नाही, आणि डावीकडे उजनीचं पाणी दिसतच असतं. अंतर 35 मैल, सेसना 172 विमानाचा 100 नॉट्स टीएएस (हवेतला खरा वेग), फोरकास्टमध्ये वारा अगदी हलका म्हणून लॉगमध्ये 21 मिनिटं लिहिलेली, आणि संगम आला 25व्या मिनिटाला. म्हणजे ग्राउंडस्पीड (जमिनीच्या हिशेबाने वेग) 84, उरलेल्या 50 मैलांना 30 ऐवजी 36 मिनिटं, एकूण 10 मिनिटं जास्त, तासाला 32 लिटर धरलं तर पाचेक लिटर जादा फ्युएल. 84 हा आकडा टॅबलेट पण दाखवतच होता, पण नुसत्या आकड्याकडे बघून कोण दचकतं? ईटीएच्या (पोचायच्या अंदाजी वेळेच्या) शेजारी एटीए (प्रत्यक्ष पोचलेली वेळ) लिहिला की फरक लगेच डोळ्यात भरतो.

वन-इन-सिक्स्टीचा (60 मैलांत 1 मैल बाजूला म्हणजे 1 डिग्रीची चूक, हा ठोकताळा) सराव पण असाच बसला. 30 मैलांत 2 मैल बाजूला गेलो तर एरर 4 डिग्री, पुढे 30च मैल उरले असतील तर अजून 4, एकूण 8 डिग्री वळा. आता हे ई-सिक्स-बीला (पायलटच्या हिशेबाच्या चकतीला) हात न लावता जमतं.

कागद सोबत ठेवायची बाकी कारणं सगळ्यांना माहीत आहेतच. आयपॅड 35 डिग्रीपर्यंतच्या हवेसाठी बनवलाय, मे महिन्यात काचेखाली ठेवला तर तापून बंद पडणारच. जीपीएस जॅमिंग-स्पूफिंगवर (सिग्नल दाबणं किंवा खोटा सिग्नल पाठवणं) डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, 2023 मध्येच सर्क्युलर काढलंय.

आता पावसाळ्यात सह्याद्रीवर ढग बसले की घरी सिम्युलेटरवर हेच शीट चालू ठेवणार, जीपीएस मुद्दाम बंद करून. डायव्हर्जनसाठी (ऐनवेळी दुसऱ्या विमानतळाकडे वळावं लागलं तर) वेगळा कॉलम करायचाय, पण ए-फाइव्हवर जागा पुरत नाहीये. कोणी मागच्या बाजूला छापून बघितलंय का, की उडताना शीट पलटणं त्रासाचं होतं?