लिव्हरचा नकाशा, लॉग ५: ठिपका म्हणजे घर नाही, वाडी

दोन आठवडे गायब होतो. पावसात आमच्या मालवणात लाईट म्हणजे पाहुणा, आला तर आला, आणि इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालतो पण पंखा, राउटर आणि माझा १६ जीबी रॅम पिऊन टाकणारा पायथन तिघं एकदम नाय चालत. तरी काम बरंच पुढे गेलंय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: बेल्जियममधल्या घेंटच्या टीमने २०२२ मध्ये लिव्हरचा सेल अॅटलस (कुठली सेल कुठे, याचा नकाशा) काढला, सात प्रजातींची तुलना आहे त्यात, डेटा सगळ्यांना खुला. त्यातली निरोगी उंदराची व्हिजियम स्लाईड (लिव्हरच्या कापावर ठिपके, प्रत्येक ठिपक्यात कुठले जीन चालू आहेत ते मोजलेलं) घेऊन मी बघतोय की इम्यून सेल्स नेमक्या बसतात कुठे आणि त्यांना शेजार कोणाचा.

मागच्या वेळी कुप्फर सेल्सचा (लिव्हरमधल्या मॅक्रोफेज, म्हणजे बॅक्टेरिया गिळणाऱ्या इम्यून सेल्स) नकाशा टाकला होता, आठवत असेल, अख्खी स्लाईड लालेलाल. मी खूश. आई मागनं डोकावून म्हणाली, "मेल्या, कलेजी आता कम्प्युटरात शिजयतस काय?" तेव्हा हसलो, पण नकाशा खरंच करपलेला होता. व्हिजियमचा ठिपका ५५ मायक्रॉनचा आणि हेपॅटोसाइट (लिव्हरची मुख्य सेल) साधारण २०-३० मायक्रॉनची, म्हणजे एका ठिपक्यात कितीतरी जणी, ठिपका म्हणजे घर नाही, वाडी आहे. आणि मी काय केलेलं, तर 'क्लेक४एफ (कुप्फरची खूण असलेला जीन) शून्याच्या वर असेल तर लाल'. कुप्फर तशाही लोब्यूलभर (लोब्यूल म्हणजे लिव्हरचा छोटा एकक, कडेला पोर्टल व्हेनकडून रक्त येतं, मधल्या सेंट्रल व्हेनमधून जातं) असतातच, मग प्रत्येक वाडीत एखादं घर निघणारच की!

म्हणून यावेळी आधी पाट आखला. ग्लूल जीन सेंट्रल व्हेनला चिकटलेल्या एक-दोन ओळींतच पेटतो, सिप२एफ२ पोर्टलच्या बाजूला, दोन्ही मिळून प्रत्येक ठिपक्याला पोर्टल ते सेंट्रल असा एक नंबर दिला. रक्त वाहतं ते बागेतल्या पाटासारखं, तोंडाशी असलेल्या माडाला आधी, शेवटच्याला उरलंसुरलं. आता त्या नंबरवर कुप्फरचं प्रमाण मांडलं (हो-नाही नाही, प्रमाण) तर पोर्टलकडे स्पष्ट चढ. पटतंही, लिव्हरमध्ये येणारं साधारण पाऊण रक्त पोर्टल व्हेनचं, आतड्याकडून आलेलं, त्यातून निसटलेले बॅक्टेरिया पहिले तिथेच पोचणार. एकच स्लाईड आहे, जास्त उड्या मारत नाही.

खरी फजिती पुढे. त्याच अॅटलसमध्ये लॅम म्हणून मॅक्रोफेज आहेत, चरबीशी संबंधित, निरोगी लिव्हरमध्ये पित्तनलिकांजवळ असणाऱ्या. मी एसपीपी१ (लॅमची खूण म्हणून वापरतात तो जीन) लावला आणि नलिकांभोवती मस्त कडी उमटली, रात्री दीडला उठून उभा राहिलो अक्षरशः. सकाळी चहा घेताना लक्षात आलं की एसपीपी१ नलिकेच्या स्वतःच्या सेल्सच ढिगाने बनवतात, म्हणजे मी पहारेकरी समजून भिंतच मोजत होतो. केआरटी१९ (नलिकेच्या सेल्सची खूण) शेजारी लावून बघितलं तर कड्या जवळजवळ एकावर एक. मग जीपीएनएमबी आणि ट्रेम२ (लॅमच्याच आणखी दोन खुणा) दोन्ही असलेलेच ठिपके घेतले, उरले मोजकेच, पण आहेत नलिकांपाशीच.

शेजाऱ्यांत गोंधळ होणं या धंद्यात जुनंच आहे म्हणा. १८७६ साली कुप्फरने गोल्ड क्लोराइडने रंगवून ज्या ताऱ्यासारख्या सेल्स पाहिल्या त्या आज आपण स्टेलेट म्हणतो त्या (मॅक्रोफेज नसलेल्या वेगळ्याच सेल्स) होत्या, आणि त्याचं नाव चिकटलं ते मॅक्रोफेजना. गंमत म्हणजे कुप्फरला कुप्फर बनवायला या स्टेलेट शेजारणी लागतातच, हेही त्याच २०२२ च्या कामात आहे.

अल्ब्युमिनचा (हेपॅटोसाइट बनवतात ते प्रोटीन) सिग्नल अजून सगळीकडे गळतोय, मॅक्रोफेजमध्येसुद्धा दिसतोय, तो साफ करायचा राहिलाय.

पुढे चरबीयुक्त आहारावरच्या उंदराची स्लाईड. तिथे लॅम नलिका सोडून चरबी साठलेल्या भागात सरकायला हव्यात. जीपीएनएमबीला कट-ऑफ किती ठेवता तुम्ही? मी तीनदा बदललाय आणि तिन्ही वेळा नकाशा वेगळा. फाईल उतरतेय, ६८ टक्क्यांवर आहे, आणि बाहेर गडगडायला लागलंय.