आवक शिक्का

"आदेश वाचला. आता फाइल दाखवा," न्यायमूर्ती म्हणाले. सरकारी वकिलांच्या मागे उभ्या असलेल्या नायब तहसीलदारांनी बाड पुढे केलं.

कालव्याचं आवर्तन (पाण्याची पाळी) टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या गावांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून शेतकऱ्यांनी मंगल कार्यालयात बैठक ठेवली होती. प्रांताधिकाऱ्यांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या १४४ खाली, अख्ख्या तालुक्यात जमावबंदी लावली. कारण एका ओळीत: सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता. त्या आदेशाविरुद्ध मी शेतकऱ्यांचा वकील म्हणून मुंबई उच्च न्यायालयात उभा होतो. "साहेब, पाण्याचंच तर बोलायचं होतं," एवढंच आमचे पक्षकार पुन्हा पुन्हा सांगत होते.

हे कलम तातडीच्या प्रसंगासाठी आहे. समोरच्याचं न ऐकताही आदेश काढता येतो, आणि तो जास्तीत जास्त दोन महिने चालतो. १९६१ साली नागपूरच्या बाबुलाल पराते प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. पण दंडाधिकाऱ्याने (इथे प्रांताधिकाऱ्याने) वस्तुस्थिती आदेशात नोंदवायची असते आणि आदेशाला आव्हान देता येतं, हे बघूनच. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरच्या २०२० च्या अनुराधा भसीन निकालाने पुढे बजावलं की रास्त मतप्रदर्शन दाबायला हे कलम वापरता येणार नाही.

न्यायमूर्ती एकेक पान उलटत होते. पोलिसांच्या अहवालावर ते थांबले. आदेशावर सही ११ तारखेची. अहवालावरचा प्रांत कार्यालयाचा गोल आवक शिक्का १२ तारखेचा. ज्या अहवालाच्या आधारे आदेश काढल्याचं लिहिलं होतं, तो सही झाली तेव्हा कार्यालयात आलेलाच नव्हता.

"फोनवरून कळवलं असावं," सरकारी वकील म्हणाले.

"नोंद?"

नोंद नव्हती.

मी तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचाच १९७६ चा निकाल पुढे ठेवला. आणीबाणी होती, घटनेच्या कलम १९ चे (भाषण, सभा वगैरेंचे) हक्क स्थगित होते. मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातले अकरा मजकूर सेन्सॉरने अडवले होते. न्या. मदन आणि न्या. कानिया यांच्या खंडपीठाने ते मजकूर तपासले आणि सेन्सॉरचे हुकूम टिकू दिले नाहीत. हक्क स्थगित झाले तरी अधिकाऱ्याला ज्या नियमाने अधिकार दिला, त्या नियमाची चौकट तर सुटत नाही! तो निकाल १० फेब्रुवारीचा. २८ एप्रिलला एडीएम जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं की स्थानबद्ध माणसाला कोर्टाकडे दादच मागता येणार नाही. स्थानबद्धतेला आधार काय, हे विचारायची वाटच बंद झाली. बहुमतात पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून सरन्यायाधीशपद कनिष्ठ न्यायमूर्तींना दिलं गेलं. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही कलम २० आणि २१ (जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क २१ मध्ये आहे) स्थगित करता येणार नाहीत, अशी तरतूद केली. २०१७ साली खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी निकालात धनंजय चंद्रचूडांनी वडिलांचा सहभाग असलेला तो निकाल चुकीचा ठरवला. एकेचाळीस वर्षं लागली.

मला त्या दुपारी खन्नांची फार आठवण येत होती. घटनेने सरकारला तातडीचे अधिकार दिले आहेत आणि ते लागतातही; दंगल पेटल्यावर अधिकाऱ्याने सुनावणी घेत बसावं असं कुणीच म्हणणार नाही. पण ते अधिकार कशाच्या आधारावर वापरले, हे कोर्टाने विचारायचंच नाही म्हटलं, तर घटनेत कितीही मर्यादा लिहून ठेवा, त्या कागदावरच राहतात. शिक्क्याची तारीख बघायला आधी फाइल कोर्टासमोर यावी लागते.

आदेश त्याच दिवशी रद्द झाला. पोलिसांनी बंदोबस्त ठेवावा, बैठक होऊ द्यावी, असं न्यायमूर्तींनी स्टेनोला सांगितलं. रविवारी बैठक झाली. पाटबंधारेचे शाखा अभियंताही आले होते.

जमावबंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असं भसीन निकालात स्पष्ट आहे. तरी आमच्या भागात आजही प्रत मिळवायला अर्ज करून हेलपाटे घालावे लागतात. त्यावर वेगळी याचिका तयार आहे. सुटी संपली की दाखल करतो.