कपाशीच्या खात्यात गेलेली केळी

जळगाव जिल्ह्यातील यावल-रावेर पट्ट्याचा पाण्याचा हिशेब संगणकावर मांडताना मी पहिलीच चूक अशी केली की, केळीच्या बागा कपाशीच्या खात्यात टाकल्या. ‘स्वॅट’ हे मॉडेल जमिनीचा वापर, माती आणि उतार यांनुसार खोऱ्याचे लहान तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यात पावसाचे किती पाणी वाहिले, किती मुरले, किती बाष्प होऊन उडाले, हे दिवसागणिक मोजते. त्यामुळे पीक चुकले की सगळेच चुकते. केळीला मे महिन्यातही ठिबकचे पाणी लागते. मामांच्या मळ्यातील जुन्या विहिरीच्या काठावर दोराने पडलेल्या खाचा अजून दिसतात, पण पाणी येते ते शेजारच्या कूपनलिकेतून.

पाऊस तेवढाच राहून कमी दिवसांत कोसळला, तर सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे दगडगोट्यांच्या थरांतून तापीकाठचे भूजल भरते, तिथे पाण्याला मुरायला उसंतच मिळत नाही. मासिक सरासरीत हे दिसत नाही. (खोल भूजलाच्या बाबतीत स्वॅट ढोबळच आहे, त्यासाठी वेगळे मॉडेल जोडावे लागते.) आता मी मॉडेलमध्ये आधी जमीन-वापर तोच ठेवून हवामान बदलतो, मग हवामान तेच ठेवून जमीन-वापर बदलतो आणि शेवटी दोन्ही एकत्र बदलतो, अन्यथा विहीर पावसाने आटली की पिकाने, हे सांगता येत नाही.