एका तासात मेणवलीचा घाट

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाचे डिजिटल चित्र एका तासात पूर्ण करायचे, असे ठरवून मी स्वतः काढलेला फोटो समोर ठेवला. कृष्णेकाठी चंद्रकोरीच्या आकारात वळलेल्या पायऱ्या, वर मेणेश्वराचे मंदिर आणि वसईच्या १७३९ मधील विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा, एवढा ऐवज तासाभरात बसवायचा तर पायरीन् पायरी काढणे शक्यच नव्हते.

क्रिटा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला मी फक्त करड्याच्या तीन छटांत ऊन, सावली आणि पाणी वेगळे केले. माझा पेनाने रेखाटायचा टॅबलेट साधा, बिनपडद्याचा. हात टेबलावर आणि नजर समोरच्या स्क्रीनवर, त्यामुळे घाटाची लांब वक्ररेषा एका दमात येईना. कंट्रोल-झेडचा, म्हणजे शेवटची कृती रद्द करण्याचा, मोह येथेच सुरू होतो. रेषा पुसायला काहीच श्रम पडत नसल्याने ती पुन्हा पुन्हा ओढली जाते आणि वेळ भराभर निघून जातो. अखेर रेषेचा नाद सोडून सावलीचा मोठा आकार भरला आणि इरेझरने त्याची कड कोरून काढली. ती कितीतरी जिवंत आली.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांनाही वेळेचे बंधन असे, पण तेथे जलरंग वाळेपर्यंत थांबावेच लागे आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत चित्र लांबून पाहणे आपोआप घडे. स्क्रीनवर वाळायचे काहीच नसते. म्हणून मधूनमधून कॅनव्हासची डावी-उजवी बाजू पालटून पाहण्याचा नियम मी केला, आणि पहिल्याच वेळी मंदिराचे शिखर कललेले दिसले.

सर्वांत जास्त छळले ते रंगांनी. करड्यावर मल्टिप्लाय मोडमध्ये, म्हणजे वरचा रंग खालच्या छटेत मिसळण्याच्या एका पद्धतीने, रंग चढवला की चित्र काळवंडते, कारण हा मोड खालची छटा गडद करू शकतो, उजळ कधीच करू शकत नाही. काळ्या दगडाला ते एक वेळ चालले असते; पाण्याला मुळीच नाही. तेव्हा वर नॉर्मल मोडचा, म्हणजे खालचा रंग सरळ झाकणारा, नवा लेयर (थर) घेऊन उन्हाचे रंग सरळ अपारदर्शक फटकाऱ्यांनी दिले. घंटेवरील मेरी आणि बाळ येशूची आकृती काढण्याची फार इच्छा होती, परंतु झूम करून आत शिरलेला माणूस लवकर बाहेर येत नाही, त्यामुळे घंटा एक गडद, एक मध्यम आणि एक उजळ अशा तीन फटकाऱ्यांतच उरकली. वेळ संपली तेव्हा पाण्यातले प्रतिबिंब म्हणजे नुसत्या आडव्या पट्ट्या होत्या. आणखी थोडा वेळ असता, तर लाटा काढून मी ते नक्कीच बिघडवले असते.